डावीकडे लहान, उजवीकडे मोठं

सरांच्या क्लासला चप्पल कुठेही काढून चालत नसे. नारायणगावात एका खताच्या दुकानावर त्यांची खोली होती, आणि खोलीबाहेरच्या गच्चीवर रोज चपलांचं झाड तयार व्हायचं. पहिला येईल त्याची जोडी दारासमोर मधोमध. दुसऱ्यानं आपली चप्पल तिच्याशेजारी धरून बघायची. लहान असली तर डावीकडे जायचं, मोठी असली तर उजवीकडे. तिथं आधीच कुणाची असली तर पुन्हा मापायचं, पुन्हा वळायचं, आणि मोकळी जागा मिळेल तिथं ठेवून आत यायचं. "सर, सारखीच असली तर?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सारखं काही नसतं. नीट माप."

माझा पाय बारका. त्यामुळे माझी चप्पल कायम डाव्या टोकाला, पन्हाळीच्या खाली, आणि पावसाळाभर ओलीचिंब. मी एकदा तक्रार केली. सर म्हणाले, "जागा तुझी नाही, मापाची आहे. माप बदललं की सांग."

खालचा खतवाला या प्रकाराला वैतागला होता. "सर, तुमच्या चपला बगून लोकं इचारत्यात, वर कोन गेलं का म्हनून. माजं गिऱ्हाईक भाईरच्या भाईर परत जातंय."

सरांनी गंभीरपणे विचारलं, "डावीकडे जातंय की उजवीकडे?"

खतवाल्यानं हात जोडले आणि जिना उतरला.

सर उंच आणि वाळकुडे होते. लुनावर बसले की गुडघे हँडलला लागत. त्याच लुनावर मागं गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर बांधून ते पुण्याला दुरुस्तीला नेत आणि पेठ गावाच्या पुढे गोधडी सुटली की रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सुतळी मागत. बोलताना कुणाला "कुठे?" असं विचारत नसत. तो प्रश्न त्यांना आळशी वाटे. "हो-नाहीत उत्तर येईल असं विचार," म्हणायचे. "एका प्रश्नात अर्धं गाव गळलं पाहिजे." माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा वडिलांनी त्यांना स्थळाबद्दल विचारलं. सर तिथल्या तिथे सुरू झाले, "मुलगा शिकलाय का? हो. मग न शिकलेले गेले. स्वतः कमावतो का? हो. मग बाकीचे गेले." वडील म्हणाले, "सर, एकच पोरगा हाय ओ. गाळायला दुसरा कुटला आनू?"

या सगळ्याला हसायला आम्ही मोकळे होतो. पण हे खूळ आलं कुठून, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फार हसत नसे.

सर आणि मी एकाच गावचे, निमगाव साव्याचे. तिथं गावठाणात घरं थोडी, बाकी सगळी वस्ती मळ्यांत. एसटीच्या थांब्यावरून एक कच्चा रस्ता निघतो, त्याला फाटा फुटतो, त्या फाट्याला पुढे आणखी फाटे. दोन्ही बाजूंनी ऊस उभा राहिला की पुढचा माणूस दिसत नाही, घर कुठून दिसणार. विचारावं तर आमची माणसं हात लांब करून सांगणार, "ह्ये काय, सरळच." त्या सरळमध्ये दोन ओढे आणि चार वळणं असतात. त्यातून भावकी सगळी एका आडनावाची.

सर पुण्यात एका कारखान्यात काँप्युटरच्या खोलीत नोकरीला असताना त्यांच्या वडिलांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांची जीप थांब्यावर वेळेत आली होती. आडनावानं विचारत गेली. प्रत्येकानं खरा रस्ता सांगितला, पण त्या आडनावाच्या दुसऱ्याच घराचा. जीप मळ्यामळ्यांतून फिरत राहिली, आणि घरी पोचली तेव्हा बायकांनी रडायला सुरुवात केली होती.

सरांनी नोकरी सोडली आणि दम्यानं थकलेल्या आईजवळ येऊन राहिले. पोटासाठी नारायणगावात क्लास काढला. पण त्यांना खरं हवं होतं ते एवढंच, की गावातल्या कुठल्याही घरी गाडी कुणालाही न विचारता पोचावी. त्यासाठी त्यांनी आख्ख्या गावाचं झाड केलं.

क्लासमध्ये ते जे शिकवत त्याला बायनरी सर्च ट्री म्हणतात. सर त्याला नुसतं झाड म्हणत. गावातही तेच. प्रत्येक घराला एक नंबर, आणि घर ज्या फाट्यावर, त्या फाट्याला त्या नंबराची पाटी. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, पांढरा रंग देऊन त्यांनी पाट्या स्वतः रंगवल्या. थांब्याकडे पाठ करून निघायचं. पहिल्या फाट्यावर पिठाची गिरणी, तिची पाटी पन्नास. तुम्हाला पन्नास हवा असेल तर तिथंच थांबा. लहान आकडा हवा असेल तर डावीकडे वळा, मोठा हवा असेल तर उजवीकडे. पुढच्या पाटीवर पुन्हा तेच. अक्षरओळख नसलेल्या ड्रायव्हरलाही जमावं असा हिशेब.

ग्रामसभेत एक म्हातारा उठला होता. "आमी काय जनावरं हाय का, नंबर टाकून घ्यायला?"

सर म्हणाले, "बाबा, गाडीला नाव कळत नाही. लहान-मोठं कळतं."

म्हातारा खाली बसला. सगळ्यांना सरांचे वडील आठवले असणार.

पुढे तर गावाला नंबरांचा लळाच लागला. आमचं घर उजवीकडच्या पुढच्या फाट्यावर, म्हणून आम्ही ऐंशीवाले. लग्नात लाउडस्पीकरवरून पुकारायचे, "पन्नासवाल्यांकडून नवरदेवाला कपड्यांचा आहेर!" सगळ्यात जास्त मिरवलं ते माझ्या वडिलांच्या चुलतभावानं, तात्यांनी. त्यांचा नंबर चाळीस. बैलांच्या शिंगांवर चाळीस, दुधाच्या किटलीवर चाळीस, टोमॅटोच्या प्रत्येक क्रेटवर चाळीस. नारायणगावच्या बाजारात व्यापारी त्यांना आडनावानं ओळखत नसत. "चाळीसचा माल आला का?" एवढंच विचारत. तात्या तेव्हा जे फुलून यायचे ते बघण्यासारखं असे.

झाड नुसतं लावून भागत नाही, ते बरोबर आहे का हे तपासावं लागतं, आणि या तपासणीवर सरांचा फार जीव. क्लासमध्ये वीज असली तर काँप्युटरवर प्रोग्राम चालवायचा. बहुतेक वेळा वीज नसायची, मग आम्हीच काँप्युटर. प्रत्येकाच्या हातात आकड्याचा पुठ्ठा देऊन सर आम्हाला गच्चीवर झाडासारखं उभं करत. प्रत्येकानं दोनच गोष्टी बघायच्या. माझ्या डावीकडचा माझ्यापेक्षा लहान आहे का, आणि उजवीकडचा मोठा आहे का. असेल तर मोठ्यानं 'हो' म्हणायचं. सगळ्यांचे हो आले की झाड बरोबर.

"ज्यानं त्यानं आपल्या दाराशी बघितलं की झालं," सर सांगत. "आख्खं गाव कुणी डोक्यावर घ्यायची गरज नाही."

आम्हाला ते अगदी पटायचं. मी तो प्रोग्राम डोळे मिटून लिहीत असे.

दरवर्षी दिवाळीनंतर सर गावाचीही अशीच तपासणी करत. फाट्याफाट्यावर जाऊन घरमालकाला विचारायचं, डावीकडे कोण, उजवीकडे कोण. मग ते आकडे क्लासमधल्या काँप्युटरला घालायचे. तो 'बरोबर' म्हणायचा. न म्हणायला झालं होतं काय? नवीन घर झालं की नंबर सरच देत, आणि थांब्यापासून चालत येऊन देत. तो चुकणं शक्यच नव्हतं.

मग तात्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी झाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दोघांची घरं डावीकडच्या मळ्यात लागून होती, अण्णांचा बेचाळीस आणि त्यांच्या डाव्या हाताला तात्यांचा चाळीस. अण्णांच्या उजव्या हाताला पंचेचाळीसला सर. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत सुरू झालं आणि शेवटी बोलणं तुटलं. तात्यांनी उजवीकडची जमीन घेतली, आमच्या फाट्यावरून डावीकडे आत, आणि तिथं नवं घर बांधलं. येताना त्यांनी ट्रॉलीत भांडी, दावणीचे खुंटे आणि उपटून काढलेली चाळीसची पाटी आणली.

वडील म्हणाले, "तात्या, सरांस्नी इचारून नवा नंबर घ्या की."

"नवा कशापाय? मानूस जागा बदलतो, नाव बदलतो व्हय?"

वडिलांनी पाटीकडे बघितलं. चाळीस ऐंशीपेक्षा लहान. घर आमच्या डावीकडे. त्यांना काही वावगं दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. तात्यांनी पाटी ठोकली.

त्या वर्षी सर तपासणीला आले तेव्हा मी ओट्यावर होते. ते हातात पेन्सिल घेऊन फाट्यावर उभे राहिले. "डावीकडे कोण?"

वडील हसले. "सर, तात्या तर तुमच्या शेजारनं हितं आलं. तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

"मला काय ठाऊक आहे त्याला किंमत नाही. पाटी काय म्हणते ते सांगा."

"चाळीस."

"ऐंशीपेक्षा लहान. बरोबर." सर पुढे गेले. पलीकडे अण्णांनी "माझ्या डावीकडं कोनी न्हाई" असं सांगितलं, तेही बरोबर. गिरणीवाला म्हणाला, उजवीकडे ऐंशी, मोठा आहे. सगळ्या गावानं हो म्हटलं. काँप्युटरनंही म्हटलं.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी अवसरी बुद्रुकला आले. पुढचं मला वडिलांकडून कळलं.

भर दुपारी तात्या टोमॅटोवर औषध मारत होते. तोंडाला फडकं नाही, वारं उलटं. पंप पाठीवर तसाच ठेवून ते बांधावर बसले आणि तोंडाला फेस आला. त्यांची बायको, आमच्या काकू, ओरडत आमच्या घरी धावल्या, कारण फोन आमच्याकडे. वडिलांनी नारायणगावला डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं, "चाळीस नंबरला या. लगोलग या."

आमच्या गावात डॉक्टरला पत्ता सांगायचा म्हणजे आकडा सांगायचा, बाकी एक शब्द बोलायचा नाही. सरांनीच सगळ्यांना तसं पढवलं होतं.

जीप आली. गिरणीपाशी ड्रायव्हरनं पाटी वाचली. पन्नास. चाळीस त्याहून लहान, म्हणून तो डावीकडे वळला. तात्या पडले होते उजवीकडे. जीप पाट्या बघत बघत बरोबर अण्णांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. अण्णा लिंबाखाली कांदा निवडत होते.

"चाळीस नंबर?"

"हितं न्हाई."

"मग कुटं हाय?"

"मला ठाऊक न्हाई," अण्णा म्हणाले, आणि कांदा निवडू लागले. गाडी कुणाची, कशाला आली, त्यांनी विचारलं नाही.

जीप डावीकडच्या मळ्यांतच गरगरत राहिली. शेवटी वडील मोटारसायकल घेऊन धुरळ्याच्या मागं गेले आणि तिला ओढून आणल्यासारखं घेऊन आले. तात्या वाचले, पण पायांतलं बळ कायमचं गेलं. बाज आणि पडवी एवढंच त्यांना उरलं. अण्णांचा मला इतका राग आला होता की माहेरी गेले तरी त्यांच्या बाजूला मान वळवायची नाही असं मी ठरवून टाकलं.

गावात ज्याला जो सापडला त्यानं त्याला दोष दिला. कुणी म्हणालं तात्यांनी नंबर आणायला नको होता, कुणी अण्णांना शिव्या घातल्या. वडील स्वतःलाच खात होते, "ऐंशी सांगितलं असतं तर दारात आली असती गाडी." सरांनी कुणालाच दोष दिला नाही. त्यांनी क्लास बंद ठेवला. खतवाला सांगत होता, गच्चीवर एकटेच पुठ्ठे मांडून बसायचे आणि एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर बोट फिरवायचे.

मग एक दिवस दुपारी ते अवसरीला आमच्या दारात उभे राहिले. लुना अंगणात आडवी. सासूबाईंना वाटलं, माहेराहून वाईट बातमी घेऊन आलेत. त्या मला धरायला पुढे झाल्या. सर पाणीही न पिता म्हणाले, "मी तुला चुकीचं शिकवलं होतं."

मला कळेना. त्यांनी चुलीजवळची काटकी घेतली आणि सारवलेल्या अंगणात झाड काढलं. वर पन्नास, उजवीकडे खाली ऐंशी, ऐंशीच्या डावीकडे चाळीस.

"ऐंशीला विचार. तो काय म्हणतो?"

"डावीकडचा लहान आहे म्हणतो. बरोबर म्हणतो."

"पन्नासला विचार."

"उजवीकडे ऐंशी, मोठा आहे. तोही बरोबर म्हणतो."

"दोघेही खरं बोलतात, आणि झाड खोटं आहे. मी प्रत्येकाला फक्त त्याच्या दाराचं विचारलं. चाळीसला कधी विचारलं नाही, की बाबा, तू कुणाकुणाच्या दारावरून आलास?" त्यांनी काटकी पन्नासवर टेकवली. "इथं उजवीकडे वळलो. म्हणजे इथून पुढे भेटेल तो प्रत्येक जण पन्नासच्या वरच पाहिजे, कितीही आत जा. ही अट खिशात घालून पुढे जायचं. ऐंशीला डावीकडे वळलो. आता दोन अटी झाल्या. पन्नासच्या वर, ऐंशीच्या खाली. चाळीस बसतो?"

"नाही."

"एवढंच होतं," सर म्हणाले, आणि त्यांनी अंगणातला चाळीस काटकीनं खोडून टाकला.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "म्हंजी सून सासूशी बरी वागती, एवढं बगून भागत न्हाई. आजेसासूला बी इचाराय पायजेल."

सरांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "तुम्ही क्लासला या."

त्यांनी माझ्याकडून तो प्रोग्राम नव्यानं, अंगणातच काटकीनं लिहून घेतला, आणि मगच चहा घेतला. मला कळलं की ते अशा रीतीनं सगळ्यांकडेच चाललेत. आदल्या दिवशी पेठला गेले होते. तिथला आमच्या वर्गातला एक जण हायवेला भज्यांची गाडी चालवतो. सरांनी त्याला कढईसमोर उभं करून समजावलं, तोवर घाणा जळाला. तो म्हणाला, "सर, मला आता ह्याचा काय उपेग ओ?" सर म्हणाले, "उपयोग नाही. पण माझी चूक तुझ्याकडे पडून आहे, ती न्यायला आलोय."

त्यानंतर मी माहेरी गेले तेव्हा सरांनी गावाची तपासणी नव्या पद्धतीनं केली होती. दोन अटी तोंडानं म्हणत थांब्यापासून एकेका घरापर्यंत चालत जायचं. सगळं गाव नीट बसत होतं. फक्त तात्यांचा चाळीस बसत नव्हता. मी काकूंना भेटायला गेले होते तेव्हाच सर तिथं आले आणि बाजेशेजारी उभे राहिले.

"तात्या, एकसष्ट घ्या. पाटी मी रंगवून आणतो."

तात्या आढ्याकडे बघत होते. "सर, जमीन अर्धी गेली. भाऊ गेला. आता पाय बी गेलं. बाजारात माज्या नावानं येक चाळीस ऱ्हायलाय, त्यो बी काडून घेता?"

हो-नाहीच्या पलीकडचा प्रश्न होता तो. सर काकूंनी दिलेला चहा हातात धरून तसेच उभे राहिले आणि तो प्यायचं विसरून कप ओट्यावर ठेवून निघून गेले.

चुकीचा नंबर असेल तर तो काढून योग्य नंबर द्यायचा, हे पहिलीच्या पोरालाही सुचेल. सरांना दुसरं सुचलं. तात्यांचा चाळीस आहे तिथंच राहू द्यायचा, आणि तो बरोबर ठरेल असं बाकीचं गाव हलवायचं. त्यांनी आकडेमोड केली तर फार कुणाला हलवावं लागत नव्हतं. गिरणीचा पन्नास काढून एकोणचाळीस केला की तिथून चाळीसवाला उजवीकडे वळणार. आमचा ऐंशी तसाच राहणार. मात्र डावीकडे एकोणचाळीसच्या वर कुणी राहता कामा नये. तसे दोघंच होते. एक सर स्वतः, आणि दुसरे अण्णा.

गिरणीवाला आधी चवताळला. "अकरा आकडं खाली उतरू? लोकं म्हनतील गिरनी बुडाली!"

सर म्हणाले, "तात्यांना हलता येत नाही. आपल्याला येतं. ज्याला येतं त्यानं हलायचं."

गिरणीवाला दिवसभर धुसफुसला आणि संध्याकाळी त्यानं स्वतःच पाटी काढून दिली. सरांनी आपला पंचेचाळीस पुसून अडतीस केला. मग ते अण्णांकडे गेले. सोबत वडील होते, भांडण झालं तर असावं कुणी म्हणून. सरांनी फक्त नंबरांचं सांगितलं. बेचाळीसचा सदतीस करावा लागेल, का करावा लागेल, एवढंच. जीपचा विषय काढला नाही.

अण्णा उठले. मग आत जाऊन रॉकेलचा बोळा घेऊन आले आणि आपल्या पाटीवरचा बेचाळीस घासून काढला. "सदतीस तुमीच काडा," ते म्हणाले आणि बोळा खाली ठेवला.

पाट्या वाळल्या. आता तपासणी. सरांना असा माणूस हवा होता ज्याला तात्यांचं घर माहीत नाही. तो थांब्यावरून निघणार, कुणाला विचारणार नाही, आणि पोचला तर झाड बरोबर. असा माणूस गावात कुठून मिळणार? गिरणीसमोर सगळे जमले होते आणि बाहेरगावचा कुणीतरी धरून आणावा असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात अण्णा पुढे झाले.

"मी जातो. मला त्याचं घर ठाऊक न्हाई."

कुणी हसलं नाही. ते खरंच होतं. वाटणी झाल्यापासून त्या बाजूला त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

मी आमच्या फाट्यावर वडिलांजवळ उभी होते. लांबून धोतर दिसलं. गिरणीच्या एकोणचाळीसला अण्णा उजवीकडे वळले होते. मागं बरंच अंतर ठेवून सर येत होते, हात पाठीशी बांधून. अण्णा आमच्या पाटीपाशी थांबले. चष्मा नव्हता, म्हणून पाटीच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी आकडा वाचला. वडिलांचा हात आपोआप डावीकडे उचलला गेला. सरांनी मागून मान हलवून त्यांना थांबवलं. अण्णांनी वडिलांकडे बघितलंही नाही. ऐंशीपेक्षा चाळीस लहान, हे त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि डावीकडे वळले.

राग होता तरी माझे पाय त्यांच्या मागं गेले.

तात्या पडवीत बाजेवर होते. उसाच्या कडेनं येणारा माणूस त्यांनी ओळखला आणि उठायला गेले, पण कमरेखाली काही हललं नाही. अण्णा पडवीच्या मेढीवरच्या पाटीसमोर उभे राहिले. तिच्यावरचा रंग जुनाच होता, त्यांच्या अंगणातून उपटून आणलेला.

"चाळीस ह्योच का?" त्यांनी विचारलं.

"ह्योच," तात्या म्हणाले.

काकू आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. सर फाटकाशी होते. तपासणी झाली होती, पण ते 'बरोबर' म्हणाले नाहीत, आणि आत आले नाहीत. अण्णा बाजेच्या पायथ्याशी बसले. थोरले असून त्यांनी धाकट्याचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि चेपू लागले.

"दाबल्यालं कळतंय का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "पन दाब."